पहिले चार सेकंद

आवाज यायचा फक्त पहाटे,
नवऱ्याला हुबळीच्या गाडीसाठी स्टेशनवर सोडायला निघाले की.
पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत
तसा, चार सेकंद,
आणि मग काहीच नाही.
मी किल्ली फिरवायची आणि मोजायची.
पतसंस्थेत कॅशियर आहे, मोजणं सुटत नाही.

खानापूर रोडच्या शोरूममध्ये
टाय लावलेला मुलगा म्हणाला, चेन गेली मॅडम,
बत्तीस हजार, टॅक्स वेगळा.
त्यानं आवाज ऐकलाच नव्हता.
वडगावातून तिथवर जाईस्तोवर इंजिन तापायचं
आणि इन्स्पेक्शनच्या दिवशीच्या पोरासारखं
हाताची घडी, तोंडावर बोट.

मग कल्लाप्पा पावशेंकडे नेली.
उद्यमबागच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
ओतीव लोखंडावर ग्राइंडर धरून
डावा कान गेलेला, उजवा निम्मा.
हा माणूस काय आवाज शोधणार?
बॉनेटला हातसुद्धा न लावता म्हणाले,
"तापलेल्या गाडीला काय विचारायचं ओ?
रात्रभर तिला हलवू नका. पहाटे मीच येतो की."

पण आमच्या गल्लीतली पहाट तोकडी.
सहाला गंगव्वा हुक्केरीचे माग सुरू होतात,
चार पॉवरलूम, खटाक् खटाक्,
आमच्या भिंतीवरचं कॅलेंडर हलतं.
शनिवारी रात्री तिच्या दारात गेले.
उद्या जरा उशिरा चालू करशील?
"निम्म गाडी केम्मतैति," ती म्हणाली.
खोकते ती, मला ठाऊक आहे,
रोज त्याच खोकल्यानं जाग येते मला.
हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही,
दार लावून घेतलं.

सहाला पाच कमी. धुकं इतकं
की खांबावरचा दिवा नुसता पिवळा डाग.
कल्लाप्पा मफलर गुंडाळून आले,
हातात हातभर लांब स्क्रूड्रायव्हर.
टोक इंजिनवर, मूठ कानामागच्या हाडावर.
"हाड बहिरं होत नाही," म्हणाले. "मारा सेल्फ."

एक.
टोक चेनच्या झाकणावर.
दोन. वर सरकलं, टॅपेटकडे.
तीन. त्यांनी डोळे मिटले.
सहा वाजून गेले होते
आणि माग गप्प होते.
समोरच्या ओट्यावर गंगव्वा
तोंडातला ब्रश तसाच धरून उभी.
चार.

"चेनला काय झालं नाही," कल्लाप्पा म्हणाले,
"तहानली आहे ती."

दुकानात त्यांनी फिल्टर खोलला, आरीनं उभा कापला.
आत रबराची एक झडप, चवलीएवढ्या भोकांवर बसलेली.
मऊ हवी होती. बोटानं दाबली
तर पापडासारखी मोडली.
रात्रभर तेल तिच्यातून
थेंब थेंब तळाला उतरायचं,
आणि पंपानं ते पुन्हा वर ओढेपर्यंत
चेन कोरड्या घशानं पळायची.
"असला फिल्टर कुणी घातला?"
मी कॅटलॉग चाळत राहिले.
रविवार पेठेतून मीच आणलेला,
नव्वद रुपये वाचले म्हणून.

नवा फिल्टर दोनशे ऐंशीचा,
तेल जरा पातळ, थंडीत लवकर धावणारं.
पहाटे यायचे किती, विचारलं.
त्यांना ऐकू आलं नाही,
किंवा आलं असेल.

सोमवारी किल्ली फिरवली.
सवयीनं चारपर्यंत मोजलं,
मग पाच, सहा, सातही.
नवरा म्हणाला, चालू झाली का?
गाडी निघालीसुद्धा होती.

परत आले तेव्हा सगळी गल्ली झोपलेली.
साडेसातला कंपाउंडवरून गंगव्वाचा आवाज,
केस मोकळे, पदर कसाबसा,
कामगार दारात ताटकळलेले.
आधी कन्नडमध्ये दोन वाक्यं, ती सांगत नाही.
मग माझ्यासाठी मराठीत,
"तुमच्या त्या मेस्त्रीला सांगा,
जरासा खोकला ठेवायचा होता."